नासाडीचा वाटा

चंद्रावतीनं पस्तीस वर्षं मासळी विकली, आणि त्या पस्तीस वर्षांत तिच्या हाताखालून गेलेला एकही मासा जिवंत नव्हता. हे तिला कधी खटकलं नाही. खटकायचं काय त्यात? वरोरला बोट लागली की पाट्या भरायच्या, बर्फ घालायचा, टेम्पोत बसायचं आणि तलासरीच्या बाजारात जाऊन घसा फोडायचा. गिऱ्हाईक रेंगाळलं की पापलेटचा कल्ला अंगठ्यानं वर करायचा आणि आतला लाल रंग दाखवायचा. "बघ बाय, ताजा हाय." मेलेला मासा ताजा आहे हे पटवून देण्यात तिचा हात धरणारं तलासरीत कुणी नव्हतं.

मग एका चैत्रातल्या दुपारी टेम्पो उशिरा येणार होता, ऊन मी म्हणत होतं, आणि चंद्रावती नाक्यावरच्या जतीनभाईच्या दुकानात पंख्याखाली शिरली. जतीनभाई शोभेचे मासे विकायचा. ते गोड्या पाण्यातले लाल-सोनेरी मासे तिनं येता-जाता पाहिले होते आणि नाक मुरडलं होतं. खायला नाही, विकायला नाही, कशाला पाळायचे? पण आत कोपऱ्यात एक मोठी टाकी होती. तिच्यात खडकाच्या कपारी, कपारींवर हलणारी मऊ फुलं आणि मधूनच निघणारा अंगठ्याएवढा मासा, केशरी अंगावर पांढरे पट्टे. तो काचेशी आला आणि तिच्याकडे बघत राहिला. बर्फावरचा मासाही बघतोच म्हणा, पण हा ती उजवीकडे सरकली की उजवीकडे सरकत होता.

टेम्पोवाल्यानं तीनदा हॉर्न वाजवला. चंद्रावती हलली नाही.

"हे घरी करायला किती लागतात रे?" तिनं विचारलं.

"खाऱ्या पाण्याची टाकी आहे मासी, खडकावरचा अख्खा संसार," जतीनभाई म्हणाला. "व्यवस्थित केली तर एक लाख चाळीस हजार."

दुसरी कुणी असती तर पदर सावरून बाहेर पडली असती. चंद्रावतीनं उलट स्टूल ओढलं आणि म्हणाली, "एकेक सांग. काय-काय घातलंस त्यात?"

घरी सांगितल्यावर व्हायचं तेच झालं. नवरा काळू, चाळीस वर्षं बोट हाकणारा तांडेल, आता गुडघ्यांनी किनाऱ्यावर बसवलेला. तो म्हणाला, "दर्या दारात, आणि आता घरात पण दर्या? लोक तोंडात शेण घालतील." मुलगा स्वप्निल खिशातून मेजरटेप काढून ओटीवरच्या खोलीतला कोपरा मापायला लागला. तिथं त्याला डीप फ्रीजर ठेवायचा होता, गेलं वर्षभर तेच चाललं होतं.

चंद्रावतीला राग आला तो मेजरटेपचा. बोललेलं परवडतं, पण माणूस बोलत असताना तिच्या डोक्यावरून कोपरा मापायचा म्हणजे काय?

"माझे भिशीचे सत्तर हजार आलेत," ती म्हणाली. "त्याच्यावर घरचा एक रुपया घेणार नाय. नारळी पौर्णिमेला इथं जिवंत मासा फिरताना दिसला नाय, की कोपरा तुझा. परत नाव नाय काढणार." मग तिचा आवाज जरा खाली आला. "जन्मभर मेलेले मासे बघितले मी. एक जिवंत बघायचाय, रोज, माझ्या घरात. लय मागते का?"

काळूनं तंबाखूची डबी उघडली आणि परत बंद केली.

हिशेबाला बसली ती सून योगिता. घोलवडला चिकूच्या पॅकिंगला जायची, कॉमर्स झालेली, मोबाइलवर चार भाषांतले व्हिडिओ बघून सगळं समजून घेणारी. सासूची नि तिची या एका गोष्टीवर जी गट्टी जमली, ती लग्नानंतरच्या सहा वर्षांत जमली नव्हती. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की वही उघडायची आणि जतीनभाईच्या यादीतल्या एकेका ओळीवर दोघी भाव करायला बसायच्या.

पाणी थंड ठेवायचं मशीन पस्तीस हजार. "नाकापेक्षा मोती जड," म्हणून चंद्रावतीनं ते पहिल्यांदा खोडलं. त्याऐवजी पाण्यावर वारा मारणारे दोन लहान पंखे. वाऱ्यानं पाणी उडणार, मग रोज तांब्याभर साधं पाणी वरून घालायचं. साधंच, कारण पाणी उडतं, मीठ मागे राहतं. हे तिला व्हिडिओनं सांगायला नको होतं, सुकवणीच्या ओट्यावर मीठ फुलताना ती लहानपणापासून बघत होती. तळातली वाळू नको. टाकी नवी कशाला? जतीनभाईच्या मागच्या खोलीत लोकांनी हौसेनं घेऊन वर्षात परत आणलेल्या टाक्या धूळ खात होत्या, त्यातली तीन फुटी तिनं नऊ हजारांत मिळवली, स्टँडसकट. दिवा मात्र चांगला घ्यायचा, पाणी फिरवणारा पंपही. "बोटीचं इंजिन स्वस्तातलं घेऊ नये," एवढंच काळू दुरून म्हणाला. म्हणजे कान इकडेच होते.

मीठ तीन हजारांचं. त्यावर चंद्रावती हसली. "दर्यावाल्यांनी मीठ विकत घ्यायचं?"

पण किनाऱ्याचं पाणी गढूळ, हे तिलाही माहीत होतं. उधाणाच्या दिवसांत तर निव्वळ चिखल. पाणी हवं ते भांगाचं, अष्टमीच्या आसपासचं, जेव्हा ओढ कमी असते आणि गाळ खाली बसतो. तेही किनाऱ्यापासून चार तास आतलं, आणि मे महिन्यातलंच, कारण पुढं पावसानं खाड्या भरल्या की वरचा दर्या अर्धा गोडा होतो. बोटी पावसाळी मासेमारी-बंदीआधीच्या शेवटच्या फेऱ्या मारत होत्या. त्यातल्या एकीवर तिनं बारा कोरे कॅन चढवले, पंचवीस लिटरचे. एका कॅनला डिझेलचा वास येतोय अशी शंका आली, तर तो परत पाठवून नवा आणला. इतकी ती बारकाईनं बघत होती, हे लक्षात ठेवा.

सगळी बेरीज बासष्ट हजारांवर आली. योगितानं खाली रेघ मारली.

"थांब," चंद्रावती म्हणाली. "नासाडी लिही. सहा हजार."

"कसली नासाडी, आई?"

"ती आधी ठाऊक असती तर नासाडी कशाला म्हटलं असतं? दहा पाट्यांत एक पाटी जातेच. बर्फ कमी पडतो, टेम्पो बंद पडतो. जी बाई ती धरत नाय, ती तिसऱ्या वर्षी धंद्यातनं उठते."

जतीनभाईनं वही पाहिली आणि तो हसला. "मासी, पंधरा वर्षांत एकाही गिऱ्हाईकानं हे खातं लिहिलेलं नाही."

"म्हणून तुझी मागची खोली भरली," चंद्रावती म्हणाली.

मोठ्या टाकीखाली एक छोटी टाकी लागते. वरचं पाणी तिच्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंपानं परत वर चढतं. ती काचेची करायची तर अडीच हजार. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या, आणि काळू बोटीला फायबरचा नवा थर देत होता. एक दिवस तो घरी आला, हातात फायबरची छोटी टाकी. कोपरे गोल, कड सफाईदार, आतून-बाहेरून लाल रंगाचे दोन हात. चंद्रावतीनं तिच्यावरून हात फिरवला. इतक्या दिवसांत नवऱ्यानं या कामात बोट घातलं नव्हतं, आणि घातलं तर असं.

"झकास झालीय," ती म्हणाली. काळू नुसता हं म्हणाला, पण जेवताना त्यानं भात दोनदा घेतला.

वाचलेले अडीच हजार दिव्यात आणि पंपात गेले. टाकी लागली, पाच हजारांचा खडक रचला, मेमध्ये भरलेलं पाणी त्यात गेलं. मग टाकी 'मुरवायला' म्हणून एक कोळंबी टाकून ती सडू द्यायची. याला मात्र चंद्रावतीचा जीव तयार होईना. उभा जन्म मासळी सडू नये म्हणून बर्फ फोडला, आणि आता मुद्दाम सडवायची? पण योगितानं समजावलं, घाण खाणारे बारीक जीव आधी तयार व्हावे लागतात. तीन आठवड्यांनी पाणी काचेसारखं झालं. चंद्रावती ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर, खडपावर गेली, शेवाळ खाणारे चार शंख आणि रिकाम्या शंखात राहणारे दोन बारके खेकडे वेचून आणले, आणि सावकाश पाण्यात सोडले.

सकाळी चारही शंख उताणे पडले होते. एक खेकडा मेला होता. दुसरा पंपाच्या नळीवरून वर चढत होता, घसरत होता, पुन्हा चढत होता. पाण्यातला जीव पाण्याबाहेर पडायची धडपड करतोय, हे चंद्रावतीनं आजवर पाहिलं नव्हतं.

पाणी तपासलं. मीठ बरोबर, बाकी सगळं बरोबर. योगिता व्हिडिओ चाळत बसली. काळूनं बॅटरी घेतली, गुडघा धरत खाली बसला आणि आपली टाकी न्याहाळली.

"माझ्या टाकीत काय खोट नाय," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले, शेवाळाचा ठिपका तरी दिसतो का? बोटीच्या बुडाचा रंग हाय तो, तांब्याचा. सहा महिने कालव चिकटायचं नाय याला."

चंद्रावती त्याच्याकडे बघत राहिली.

"का नाय चिकटत?"

"का म्हणजे? जगतच नाय काय त्याच्यावर. त्यासाठीच तर..." आणि काळू थांबला. बॅटरी तशीच चालू राहिली.

तांडेलाच्या घरात न रंगवलेलं काही पाण्यात जात नाही. नवी होडी असो की जुनी, बुडाला लाल रंग लावल्याशिवाय ती पाण्यात ढकलणं म्हणजे अपशकुनच. काळूनं टाकीला तोच मान दिला होता. त्यानं कंजुषी केली नव्हती, दोन हात दिले होते. तिथंच सगळं बुडालं.

चंद्रावती संतापून उठली. पाटी उचलली, सुके बोंबील भरले आणि तलासरी गाठली. त्या दिवशी तिनं घासाघीस करणाऱ्या तीन बायकांना नुसत्या नजरेनं पळवलं. जतीनभाईला विचारलं. त्यानं डोक्याला हात लावला. "पाणी फेका मासी. खडक पण. तांबं पिऊन बसला असेल, महिने-महिने सोडत राहील. काच, पंप व्हिनेगरनं धुवा, मग दहा वेळा साध्या पाण्यानं."

परत येताना टेम्पोत ती मेमधलं पाणी आठवत होती, चार तास आतलं. आता खाडीला लाल पूर आला होता. दर्या दारात होता आणि त्यातलं तांब्याभर पाणीही तिच्या कामाचं नव्हतं. याचं तिला खरंच रडू येत होतं, पण टेम्पोत शेजारी गावातल्या बायका होत्या.

काळू घरी नव्हता. वर ओढलेल्या बोटीच्या सावलीत बसला होता, सकाळपासून न जेवता. ती त्याच्या शेजारी वाळूत बसली.

"माझ्या पेटीत दहा हजार हायत," तो समोर बघत म्हणाला. "घे."

"घरचा रुपया घेणार नाय म्हटलंय मी."

"चूक माझी हाय, चंद्रा."

"रंग मी पण बघितला होता. तांडेलाची बायको मी, पस्तीस वर्षं तोच रंग बघतेय. मीच म्हटलं झकास." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आपलेच दात, आपलेच ओठ. उठा, जेवायला चला. रडायला वेळ नाय, सहा आठवडे राहिलेत."

घरात स्वप्निल दारातच होता. "आये, मग फ्रीजरवाल्याला सांगू?"

"नारळी पौर्णिमेला सांग," ती म्हणाली आणि योगिताला हाक मारली. "वही आण. नासाडीचं पान काढ."

खाली लावायची काचेची टाकी दोन हजार चारशे. मीठ सव्वीसशे. पाण्यातलं तांबं तपासायची बाटली हजाराची. सहा हजार तिथंच संपले. वर शिल्लक दोन हजार, आणि खडक पाच हजारांचा. योगितानं पेन्सिल खाली ठेवली. पंप विकावा? दिवा परत करावा?

चंद्रावती उठून परसात गेली. शेजारच्या रखमीचं कुंपण लागूनच होतं. रखमी आणि तिची सासू खडपावरून कालवं काढून आणायच्या, घरामागे बसून फोडायच्या, आणि कवचं तिथंच टाकायच्या. दहा-बारा वर्षांचा ढीग, ऊन-पाऊस खाऊन पांढराफटक झालेला, एकात एक अडकलेल्या कवचांचे खडबडीत गड्डे. चंद्रावतीनं त्यातला एक उचलून हुंगला. कसलाही वास नाही. तिथूनच तिनं जतीनभाईला फोन लावला.

"तुझा तो खडक कशाचा असतो रे?"

"चुन्याचाच मासी, समुद्री जिवांनी केलेला."

"मग कालवाची कवचं?"

तो म्हणाला, "आत मांस नसेल तर का नाही चालणार? पण कपारी कशा करणार? ढीग कोसळेल."

कपारी काळूनं केल्या. त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानं कवचांची दोन घमेली पडवीत ओतली, प्रत्येक कवच ब्रशनं घासलं, जाळं विणायचा कोरा नायलॉन दोरा घेतला आणि बसला. जाळ्याच्या गाठी त्याची बोटं विसरली नव्हती. चार दिवसांत त्यानं कवचांचे तीन बुरूज बांधले, मध्ये बोगदे, वर ओटे. दोरा दिसू नये म्हणून गाठी आतून. जाता-येता लोक विचारायचे, "तांडेल, काय करताय?" तो म्हणायचा, "माशाचं घर." आणि कुणी हसलं तर मान वर करून बघायचा.

रंगाचा डबा त्यानं स्वतःहून बोटीवर नेऊन ठेवला.

पुन्हा पाणी, या वेळी विकतच्या मिठाचं. पुन्हा एक कोळंबी सडायला. ती टाकायच्या आधी काळूनं विचारलं, "हिला काय लावलेलं नाय ना?" आणि योगिता हसू आवरत आत गेली. पाचव्या आठवड्यात तांबं तपासायची बाटली काढली. योगितानं टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन थेंब टाकले आणि चौघंही त्या नळीकडे बघत बसली, स्वप्निलसुद्धा. रंग उमटला नाही. चंद्रावतीनं दोन शंख सोडले. सकाळी ते काचेवर होते, शेवाळ खाल्ल्याची वळणदार वाट मागे ठेवून वर निघालेले.

नारळी पौर्णिमेला सारं वरोर बंदरावर लोटलं आणि चंद्रावती एकटी तलासरीला गेली. परतताना पिशवीत पाणी, पाण्यात केशरी मासा, आणि पिशवी तिच्या रोजच्या पाटीत ओल्या फडक्याखाली. बाजारातून जाताना सवयीच्या गिऱ्हाइकानं हटकलं, "आज सणाच्या दिवशी पण? काय आणलंय, काय भाव?"

"विकायचा नाय," चंद्रावती म्हणाली. हे वाक्य त्या बाजारात तिनं पहिल्यांदाच उच्चारलं.

घरी काळू बंदरावरून एक नारळ घेऊन परतला होता. "एक दर्याला दिला, पण मी दोन नेले होते," तो टाकीकडे बघत म्हणाला. "म्हटलं याला पण..."

"त्यात काही टाकाल तर बघा," चंद्रावती म्हणाली.

त्यानं नारळ मुकाट्यानं टाकीशेजारी ठेवला.

पिशवी तासभर पाण्यावर तरंगत ठेवली, मग टाकीतलं पाणी वाटी-वाटीनं तिच्यात घातलं, आणि मासा सोडला. तो सरळ कालवांच्या बोगद्यात शिरला आणि दिसेनासा झाला. दुपार गेली. स्वप्निल दोनदा येऊन गेला. मेजरटेप त्याच्या खिशात होता की नाही कोण जाणे, त्यानं काढला नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं आईसाठी चहा आणला होता. "वहीत सगळं बसलं?" त्यानं विचारलं.

"सदुसष्ट हजार नऊशे," योगिता आतून म्हणाली.

तो आईशेजारी जमिनीवर बसला. "फ्रीजर पडवीत बसेल तसा," असं काहीसं पुटपुटला.

ऊन कलल्यावर बोगद्याच्या तोंडाशी केशरी काहीतरी हललं. मासा अर्धा बाहेर आला, थांबला, मग पूर्ण बाहेर आला आणि काचेशी येऊन उभा राहिला, बरोबर चंद्रावतीच्या समोर. पस्तीस वर्षांच्या सवयीनं तिचा अंगठा आपोआप पुढं झाला आणि काचेवर टेकला. पलीकडं कल्ला आपला आपण उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता.

काळू तिच्या मागं उभा होता. त्याला नीट दिसत नव्हतं. "कसा हाय?" त्यानं विचारलं.

"ताजा हाय," चंद्रावती म्हणाली, आणि तिला रडू आलं.